बसवनगुडीच्या विहीणबाई आणि माझा विठ्ठल

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी चुका करत नाही. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली अकरा वर्षं पर्यवेक्षिका होते, आणि दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पगारी धंदा होता. तेव्हा हे जे काही झालं त्यात माझी चूक किती आणि बेंगळुरूवाल्यांची किती, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आपली आमच्या विहीणबाईंबद्दल सांगायला बसले आहे.

वसुमतीबाई म्हणजे आमच्या शंतनूच्या सासूबाई, हर्षिताची आई. वय सदुसष्ट. दोन्ही नाकपुड्यांत चमकी, काठाची साडी आणि साडीखाली पांढरेशुभ्र पळायचे बूट. जन्म बसवनगुडीत, लग्न होऊन गेल्या त्या दोन गल्ल्या पलीकडे. यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात तिकडे गेले आणि परत यायचं राहूनच गेलं. घरात मराठीच बोलतात, पण त्यात कन्नड अशी काही मुरली आहे की पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "स्वल्प चहा घेता का?" मी म्हटलं, "स्वल्प कशाला? पुण्याहून आलेय, चांगला कपभर द्या." नंतर कळलं, तिकडे प्रत्येक वाक्याला 'स्वल्प' लावतात. स्वल्प सरका, स्वल्प थांबा, स्वल्प राग आला.

चौतीस वर्षं बाईंनी टेलिफोनच्या हपिसात नोकरी केली. नवरा, गुंडोराव, माणूस सज्जन, पण गर्दी बघितली की त्यांना शिंका यायच्या. त्यामुळे बाईंचं अख्खं तारुण्य हपिस ते घर, घर ते हपिस. नऊ वर्षांपूर्वी गुंडोराव गेले. वर्षभर बाई घरात बसून राहिल्या, आणि मग एक दिवस कापडी पिशवी घेऊन ज्या निघाल्या त्या अजून थांबलेल्या नाहीत. कार्तिकात बैलाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते तिथे या. डोक्यावर फुलांचा कळस घेऊन करगाची मिरवणूक निघते तिथे या. तिकडच्या शिवाजीनगरच्या चर्चमधली मेरीमाता रथात बसते तिथेही याच, आणि पहिल्या रांगेत. आता तर बायकांना बस फुकट, म्हणजे विचारायलाच नको. मी एकदा म्हटलं, "अहो, ओळख ना पाळख, बोलावणं तरी असतं का?" तर म्हणाल्या, "देव काय पत्रिका छापतो होय? आपल्याच गावात प्रवाशासारखं हिंडावं, विहीणबाई. पाहुण्याला कोणी स्वयंपाकघरात कामाला लावत नाही."

आता मुद्द्याचं. दीड वर्षापूर्वी मुलांचं लग्न झालं, बेंगळुरूला. हर्षिताबरोबर एक लाकडी पेटी आली ती सत्यनारायणाला म्हणून पुण्याला आमच्या घरी आणली आणि तिथेच राहिली. मुलं परत गेली बेंगळुरूला, महादेवपुऱ्याच्या फ्लॅटवर. चार दिवसांनी विहीणबाईंचा फोन. "पेटीत दोघं आहेत, रेशमी फडक्यात. मोठ्या मानाचे आहेत हं. त्यांना सगळ्यांच्या वर बसवायचं असतं."

मी पेटी उघडली. फडक्यात दोघं. वीतभर उंचीचे, लाकडी, तांबूस काळपट, शेजारी शेजारी उभे. एक पुरुष, एक बाई. आता मला सांगा, मराठी माणसाला असं जोडपं दिसलं तर दुसरं काय सुचणार? मी पदर घेतला आणि त्यांना देवघरात सगळ्यांच्या वर बसवलं. विठ्ठल-रखुमाई! म्हटलं, काय संस्कार आहेत या लोकांचे, चारशे वर्षं परमुलखात राहून लेकीला विठ्ठल दिला.

दोन-तीन गोष्टी खटकल्या, नाही असं नाही. रंग काळा नव्हता. म्हटलं, उडाला असेल. आमच्या कोथरुडात फत्तेसिंग म्हणून गणपती रंगवणारा कारागीर आहे, त्याच्याकडे नेले. तो म्हणाला, "काकू, विठोबाला मिशा आहेत." मी म्हटलं, "कर्नाटकातल्या सुताराची चूक आहे ती. घासून काढ." तो म्हणाला, "हात कमरेवर नाहीत. खाली सोडलेत." मी म्हटलं, "मग आण कमरेवर." बिचाऱ्यानं एम-सील लावून दोघांना कोपर काढून दिले. वर काळा ऑइलपेंट, कपाळाला गंध, चांदीचे डोळे. असं रूप आलं की काय सांगू! त्या दिवसापासून रोज पहाटे साडेपाचला दोघांना उठवायचं, आंघोळ, तुळस, लोणी-साखर. मध्ये हर्षिताला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स पार खाली गेल्या, तेव्हा मी पुण्यात त्या दोघांपुढे तीन दिवस बसून होते. पोरगी बरी झाली. तेव्हापासून तर ते माझ्या घरातले झाले.

गेल्या वर्षीच्या नवरात्रात सुतक होतं. यंदा हर्षिताचा फोन आला. "आई, या वेळी नवरात्राला इकडे या. आमचा सण बघा. आणि येताना ते पट्टद गोंबे आणा. बाकी काही विसरलात तरी चालेल."

मला ऐकू आलं 'पट्ट्याचे गोंडे'. आता समजलं नाही तर विचारायचं, हे मी बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं. पण सुनेला विचारायचं म्हणजे जरा... असो. तुळशीबागेत गेले आणि लोकरीचे, वर जरीची पट्टी असलेले दोन डझन गोंडे घेतले. आणि देव? नवरात्रात देव आमच्या ह्यांच्या भरवशावर सोडायचे? आमचे हे, पद्माकर, स्वतःची आंघोळ विसरतात. मी विठ्ठल-रखुमाई स्टीलच्या डब्यात मऊ फडक्यात घातले आणि बरोबर घेऊन आले.

महादेवपुऱ्याला पोचले ती घट बसायच्या आदल्या दिवशी. हॉलमध्ये सात पायऱ्या मांडून वर पांढरं कापड घातलेलं. हर्षितानं धावत येऊन विचारलं, "आणले?" मी ऐटीत पिशवी उघडली. पोरीनं एक गोंडा उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि माझ्याकडे बघत राहिली. शंतनू सोफ्यावर पडून हसायला लागला.

"आई, गोंबे! गोंबे म्हणजे बाहुल्या! राजा-राणीचं जोडपं, माझ्या लग्नाच्या पेटीतलं. ते वर बसल्याशिवाय बाकीच्या बाहुल्या मांडता येत नाहीत!"

मी म्हटलं, "त्या पेटीत बाहुल्या नव्हत्या बाई. शपथेवर सांगते." आणि खोटं नव्हतेच बोलत मी. माझ्या डोक्यात बाहुल्या वेगळ्या, देव वेगळे. ह्यांना फोन लावला. ह्यांनी पेटी उपसली आणि जाहीर केलं, "एक फडकं आहे. रिकामं." झालं. हर्षिताच्या डोळ्यांतून टपटप पाणी. आईच्या आजीच्या आजीपासून चालत आलेलं जोडपं, आणि हिच्या घरात पहिल्यांदा बसायच्या आधीच हरवलं. मला फार वाईट वाटलं. मी तिला माझ्या खोलीत नेलं, टेबलावर माझे देव मांडले होते त्यांच्यापुढे उभं केलं आणि म्हटलं, "माग यांच्याकडे. हे देतात." तिनं हात जोडले आणि म्हणाली, "विठ्ठला, माझे राजा-राणी सापडू दे." विठ्ठल चांदीच्या डोळ्यांनी बघत होता तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई आल्या. मी मनात भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती. त्यांनी वरची मोकळी पायरी बघितली. मग म्हणाल्या, "सरी, असू दे. कलश ठेवू. बाकीचे मांडू, ते तरी काय करतील बिचारे." आणि मला म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही प्रवासाला आला आहात. रडक्या घरात कशाला बसता? चला, तुम्हाला आमच्या बसवनगुडीच्या बाहुल्या दाखवते."

मेट्रोनं निघालो. काय सांगू, त्या दुपारी मी जे हिंडले तसं जन्मात हिंडले नव्हते. दारं सताड उघडी. बाई सरळ आत शिरायच्या, बूट काढायच्या, "गोंबे बघायला आलो," असं कन्नडमध्ये सांगायच्या आणि मला पुढे करून म्हणायच्या, "नम्म बीगित्ती." मला पहिल्यांदा ऐकू आलं 'बिघडली ती'. मी डोळे वटारले, तेव्हा कळलं की बीगित्ती म्हणजे विहीण. मग हळदकुंकू, विडा आणि द्रोणात हरभऱ्याची उसळ. तिला तिकडे 'उसली' म्हणतात, त्यामुळे तेवढं एक मला न चुकता कळायचं. एका घरी बाहुल्यांच्या पायऱ्यांशेजारी नाचणी पेरून शेत केलेलं, त्यात चिमुकला ट्रॅक्टर. एका घरी आख्खं लग्न, पंगतीसकट, आणि पंगतीत एक बाहुला जेवता जेवता मोबाइल बघतोय. आणि प्रत्येक घरी दुकान मांडून बसलेली शेट्टी-शेट्टिणीची जोडी, म्हणजे बाहुल्यांमधला वाणी आणि त्याची बायको. विहीणबाई प्रत्येक घरी तोंडभरून कौतुक करायच्या, गाणं म्हणायच्या आणि बाहेर पडल्या की रिक्षात माझ्या कानात, "शेट्टीण स्वल्प जाड झाली यंदा. धुतली वाटतं, फुगली."

आणि पहिल्या घरी, सगळ्यांत वरच्या पायरीवर, विठ्ठल-रखुमाई! मी लगेच हात जोडले. दुसऱ्या घरीही तेच. मी म्हटलं, "काय हो, तुमच्याकडे घरोघरी विठ्ठल? आमच्या पुण्यातसुद्धा एवढी भक्ती राहिली नाही." विहीणबाई खो खो हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

तिसऱ्या घरी एक निवृत्त मास्तर होते. मी वरच्या जोडप्याला वाकून नमस्कार केला तसे ते हिंदीत म्हणाले, "माताजी, ये भगवान नहीं, राजा-रानी हैं. पट्टद गोंबे. बेटी की शादी में मायके से देते हैं." मी मान वर करून बघितलं. तांबूस लाकूड. हात खाली सोडलेले. आणि राजाला मिशी.

हातातला द्रोण तसाच राहिला. ज्याच्यासाठी पोरगी रडली तो राजा माझ्या खोलीत टेबलावर उभा होता, काळाकुट्ट, कमरेवर हात ठेवून, आणि त्याची मिशी फत्तेसिंगाच्या दुकानात उडाली होती.

सांगून टाकायचं की नाही? सरळ आहे, सांगायचं. पण जीभ उचलेना. संध्याकाळी बाथरूमची कडी लावून मी नेलपॉलिशचं रिमूव्हर कापसावर घेतलं आणि राजाच्या पाठीवर घासून बघितलं. ऑइलपेंट काही हलला नाही, फक्त वास सुटला. बाहेरून शंतनू म्हणाला, "आई, नेलपॉलिश लावतेयस?" मी म्हटलं, "लावतेय! माझी इच्छा!" मग विठ्ठलाची माफी मागितली. आणि माफी मागताना लक्षात आलं की मी राजाची माफी मागतेय. धड देव राहिला नाही, धड राजा नाही. रडू आलं मला.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "चिकपेटला जाऊ. नवीन जोडपं आणू पोरीला." मी नाही कशी म्हणू? घरी कोणाला दिसू नये म्हणून त्या दोघांना डब्यासकट खांद्याच्या पिशवीत घातलं आणि गेले.

चिकपेटच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका दुकानात नुसते राजे आणि राण्या, ओळीनं. विहीणबाईंनी वीस-पंचवीस जोड्या तरी हातात घेतल्या असतील. "हा नको, हा फ्लॅट विकायला आल्यासारखा हसतोय. ही राणी रुसलेली आहे. याचं तर लग्नच मनाविरुद्ध झालेलं दिसतंय." मी हसत होते, पण पिशवीचा बंद घट्ट धरून. आणि मग त्यांनी हातातली राणी खाली ठेवली आणि दुकानातल्या स्टुलावर बसल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "लहानपणी मी आमच्या राणीशी बोलायची. मला बहीण नाही ना. हे गेले त्या वर्षी बाहुल्या मांडल्या नाहीत, पण मी पेटी उघडून त्या दोघांना बघून घेतलं. म्हटलं, एक जोडपं तरी जागेवर आहे. मला दुसरं काही नको होतं हो. लेकीच्या घरी ते दोघं बसलेले एकदा बघायचे होते, बस्स."

मग मला राहवेना. मी डबा काढला, झाकण उघडलं आणि त्या दोघांना काउंटरवर उभं केलं.

दुकानदारानं चटकन हात जोडले. "पांडुरंग! बहळ चन्नागिदे!" फार छान आहे, म्हणाला.

विहीणबाई बघत राहिल्या. मग त्यांनी रखुमाई उचलली, तिच्या पायाखालचा पाट उलटा केला आणि त्यावर अंगठा फिरवला. पाटाच्या कडेला चार बारीक खळगे होते. मी ते सुताराच्या पटाशीचे समजत होते.

"हे हर्षिताचे दात," त्या म्हणाल्या. "दात येत होते तेव्हा चावली होती." मग त्यांनी राजाला उचललं. "मिशी?"

"घासली," मी म्हटलं.

"हात?"

"एम-सील."

"आणि हा रंग?"

"ऑइलपेंट. वसुमतीबाई, माझी चूक झाली. मला वाटलं विठ्ठल आहे. तुम्ही म्हणालात मानाचे आहेत, वर बसवा. मी वर बसवलं. रोज आंघोळ घातली, रोज नैवेद्य दाखवला. हर्षिता आजारी होती तेव्हा यांच्याचपाशी बसून होते मी. बोला, काय बोलायचं ते बोला." भर बाजारात मी घळाघळा रडत होते आणि दुकानदार दोघींना पाणी देत होता.

विहीणबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं. बघते तर बाई हसत होत्या. इतक्या हसल्या की चमकीवरून पाणी ओघळलं, मग रडल्या, मग राजाचे कोपर बघून पुन्हा हसल्या. मला काही समजेना की मी माफ झाले की काय झालं. त्यांनी दोघांना आपल्या पदरात गुंडाळलं आणि मेट्रोत अवाक्षर न बोलता मांडीवर घेऊन बसल्या. बडबड करणारी बाई गप्प बसली की फार भीती वाटते हो.

घरी गेल्यावर त्यांनी कलश बाजूला केला आणि त्या दोघांना वरच्या पायरीवर बसवलं. हर्षिता बाहेर आली. "अम्मा, हे काय? हे तर आईंचे देव आहेत!"

"आपलेच आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "पुण्यात जाऊन राजाला बढती मिळाली."

सगळं समजल्यावर हर्षितानं कपाळावर हात मारला. "म्हणजे मी यांच्यापुढेच हात जोडून यांनाच मागत होते?"

"मग? सापडले ना?"

पुढचे आठ दिवस त्या सोसायटीत आमच्याच बाहुल्यांची चर्चा. पुण्या-नागपूरची आयटीतली पोरंपोरी यायची, नमस्कार करायची आणि खाली वाकून म्हणायची, विठ्ठल. बसवनगुडीच्या बायका यायच्या आणि विचारायच्या, हा असला राजा कुठला? मी स्वयंपाकघरात पळायची. विहीणबाई लोकांच्या शेट्टिणीला नावं ठेवणाऱ्या, त्यांनी एकदाही माझं नाव सांगितलं नाही. म्हणायच्या, "आमच्याकडे असाच असतो." उसळीचे द्रोण भरता भरता मी ते ऐकायची आणि मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटायचं. पडले नाही, विहीण पडली ना.

दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र तोंडचं पाणी पळालं. त्यांच्याकडे रीत अशी, की त्या दिवशी राजा-राणीला आडवं करून निजवायचं आणि मग कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचं. वर्षभर. शंतनूनं नवीन पेटी आणून ठेवली होती. मी समजूतदारपणे म्हटलं, "ठेवा ना, तुमचेच आहेत." एवढं बोलून गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली गाड्यांना झेंडूचे हार घातलेले दिसत होते. माझ्या डोळ्यांपुढे कोथरुडातलं देवघर, वरची रिकामी जागा, आणि पेटीच्या अंधारात माझा विठ्ठल. रोज आंघोळीची सवय लागलेला. मनाला खूप बजावलं की बाई, तो राजा आहे. मन ऐकेना.

"विहीणबाई, इकडे या," आतून हाक आली.

गेले. दोघं पायरीवर आडवे निजलेले. विहीणबाईंच्या हातात गुंडाळायचं फडकं, पण अजून घडी मोडलेली नव्हती.

"यांना सकाळी किती वाजता उठवता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"साडेपाचला," मी म्हटलं.

त्यांनी हर्षिताकडे बघितलं. हर्षितानं घाबरून मान हलवली.

"साडेपाच जमणार नाही हिला," विहीणबाई म्हणाल्या आणि फडकं परत कपाटात ठेवलं. "रात्री उशिरापर्यंत हिचं ऑफिस चालतं. साडेसात चालेल का तुमच्या विठ्ठलाला?"

मी नाक पुसलं आणि म्हटलं, "चालेल."